टायमिंग नेमके कुठे चुकले?

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेवढ्या वेळात कॅमशाफ्टचा एकच फेरा होतो. पेट्रोलची छोटी कार असो की डिझेलची जीप, हे प्रमाण बदलत नाही. क्रँकशाफ्टला पिस्टन जोडलेले असतात. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात आणि ते व्हॉल्व्ह दाबून उघडतात. पिस्टन खाली जाताना हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडा हवा, हवा दाबली जात असताना दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट मिटलेले हवेत आणि जळालेला धूर बाहेर ढकलताना एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा हवा. पिस्टन कुठे असताना कोणता व्हॉल्व्ह उघडायचा आणि केव्हा मिटायचा, या ठरलेल्या मेळाला टायमिंग म्हणतात. तो राखण्याचे काम टायमिंग चेन, टायमिंग बेल्ट किंवा काही इंजिनांत दातेरी चाके करतात.

या मेळात किती बारीक हिशेब असतो हे आकड्यांतून लगेच कळते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट १,५०० फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. कॅमशाफ्टच्या चाकाला ४० दाते असतील तर एक दात म्हणजे कॅमशाफ्टचे ९ अंश आणि क्रँकशाफ्टचे १८ अंश. चेन एका दाताने सरकली तरी व्हॉल्व्ह पिस्टनच्या हिशेबाने १८ अंश उशिरा किंवा लवकर उघडतो. एवढ्या चुकीत बरीचशी इंजिने चालू होतात, पण नीट चालत नाहीत. दोन-तीन दाते सरकले की बहुधा चालूच होत नाहीत.

व्हॉल्व्ह उशिरा मिटल्याने बिघडते काय? इनटेक व्हॉल्व्ह मुळातच पिस्टन तळाला पोहोचून वर निघाल्यानंतर थोड्या वेळाने मिटतो, कारण आत येणाऱ्या हवेला वेग असतो आणि त्या वेगाने आणखी थोडी हवा सिलिंडरमध्ये शिरते. हा उशीर ठरलेल्यापेक्षा वाढला तर वर येणारा पिस्टन तीच हवा परत बाहेर ढकलतो. मग दाबायला हवा कमी उरते, कॉम्प्रेशन घटते आणि कमी वेगात गाडीला जोर राहत नाही. गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येऊन सांगते, “पिकअप गेला, चढावर गाडी दम टाकते.” त्याच्या तक्रारीमागचे भौतिकशास्त्र एवढेच असते.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरच्या गाड्या पाहिल्या तर टायमिंगची रचना कशी बदलत गेली तेही दिसते. मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा कॅमशाफ्ट इंजिनाच्या खालच्या भागात, क्रँकशाफ्टजवळ असे. दोघांना जोडणारी चेन आखूड होती आणि व्हॉल्व्हपर्यंत लांब दांड्या जात. मारुती ८०० मध्ये कॅमशाफ्ट वर हेडमध्ये गेला आणि त्याला फिरवायला रबरी दातेरी बेल्ट आला. टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यात बनलेल्या डिझेल इंडिकातही बेल्टच होता. पुढे चेन पुन्हा परतली. फियाटचे १,२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावला बनू लागले आणि हरयाणातल्या मानेसरला बनणारे त्याचेच भावंड मारुतीच्या स्विफ्टमध्ये आले. अमरावती-अकोल्याच्या टॅक्सी-स्टँडवर आणि लग्नाच्या वरातीत वर्षानुवर्षे दिसलेल्या कितीतरी गाड्यांत हेच इंजिन होते. त्यात बेल्ट नव्हे, चेन असते. मारुतीच्या के-मालिकेच्या पेट्रोल इंजिनांतही चेनच आहे.

चेन आली आणि तिच्यासोबत एक समज रूढ झाला: बेल्ट बदलावा लागतो, चेन मात्र गाडीच्या आयुष्याला पुरते. हा समज अर्धाच खरा आहे. चेनची पाती ताणून लांब होत नाहीत. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीचे बुश एकमेकांवर घासून झिजतात. सव्वाशे सांध्यांपैकी प्रत्येक सांधा दोन शतांश मिलिमीटर झिजला तर चेन अडीच मिलिमीटरने लांबते. लांबलेली चेन कॅमशाफ्टला मागे पाडते, व्हॉल्व्ह थोडे उशिरा उघडू लागतात. गाडी ६० किलोमीटरच्या वेगात मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर एक लाख किलोमीटरमध्ये क्रँकशाफ्टचे २० कोटी फेरे होतात. एवढ्या फेऱ्यांत ती पिन कोरडी राहिली की तेलात राहिली, यावर चेनचे आयुष्य ठरते.

इथे किलोमीटरचा आकडा फसवतो. अमरावतीत राजापेठेतून राजकमल चौकाकडे किंवा उलट बडनेऱ्याच्या दिशेने संध्याकाळच्या गर्दीत जाणारी गाडी बराच वेळ जागेवर उभी असते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर तासभर सुरू राहिले तर क्रँकशाफ्टचे ४८,००० फेरे होतात आणि मीटरवर एकही किलोमीटर चढत नाही. वरच्या हिशेबाने ते २४ किलोमीटर धावण्याइतके झाले. शिवाय घर ते शाळा, शाळा ते बाजार अशा आखूड फेऱ्यांत तेल पुरेसे तापत नाही. त्यात इंधनाचा अंश आणि पाण्याची वाफ साचते. शहरातच फिरणाऱ्या गाडीचे तेल दहा हजार किलोमीटर होण्याची वाट न पाहता वर्ष भरले की बदलावे, असे कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते ते याचसाठी. गाडी धावली नाही म्हणून तेल चांगले आहे असे मानणारे मालक चेनचे नुकसान स्वतःच ओढवून घेतात.

बेल्टची गोष्ट वेगळी. तो रबराचा आणि आतल्या दोऱ्यांचा असतो. तो झिजण्याआधी म्हातारा होतो. त्याला उष्णता सोसत नाही, तेलाचा थेंब सोसत नाही आणि ज्या इंजिनांत पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो तिथे पंपाचे बेअरिंग जाम झाले की बेल्ट तुटतो. मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बॉनेटखालचे तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. म्हणून बेल्टला किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात आणि त्यातली जी आधी येईल ती पाळायची असते. चेन सैल झाली की आवाज करून सांगते. बेल्ट बहुतेक वेळा काहीच न सांगता जातो.

चेन ताणून धरण्यासाठी टेन्शनर असतो. बहुतेक आधुनिक इंजिनांत तो इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत हा दाब उतरलेला असतो. सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारल्यावर दोन-चार सेकंद इंजिनाच्या पुढच्या बाजूने खडखड येते आणि मग थांबते, ती याच कारणाने. तेल टेन्शनरपर्यंत पोहोचेपर्यंत चेन सैल असते आणि प्लास्टिकच्या मार्गदर्शक पट्ट्यांवर आपटते. कधीतरी क्षणभर असा आवाज आला तर त्याने लगेच घाबरायचे कारण नाही. पण तो रोज येऊ लागला आणि आठवड्या-आठवड्याने लांबत गेला तर चेन, पट्ट्या किंवा टेन्शनर यांपैकी काहीतरी संपत आले आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने एवढी स्वस्तात मिळणारी पूर्वसूचना दुसरी नाही.

आता या जुन्या यंत्रात एक नवा भाग आला आहे. इटलीच्या अल्फा रोमिओने १९८० मध्ये विकायच्या गाडीत पहिल्यांदा बदलते व्हॉल्व्ह-टायमिंग आणले. आज भारतातल्या बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांत ते असते. बॉनेटखाली किंवा गाडीच्या पाठीवर ‘व्हीव्हीटी’ लिहिलेले दिसते ते हेच. कॅमशाफ्टच्या चाकात एक पोकळ डबी असते आणि तिच्या आत पाती असतात. तेल एका बाजूने सोडले की कॅमशाफ्ट चाकाच्या थोडा पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूने सोडले की मागे येतो. कोणत्या बाजूला किती तेल सोडायचे हे विजेवर चालणारा एक छोटा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्याला आज्ञा देतो इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम. गाडी थांबून थांबून चालत असेल तेव्हा एक टायमिंग, चढावर जोर लागतो तेव्हा दुसरे. त्यामुळे इंधन वाचते आणि धूरही कमी होतो. पण टायमिंग आता केवळ चेनच्या दातांवर अवलंबून राहिलेले नाही, ते तेलाच्या स्वच्छतेवर आणि दाबावरही अवलंबून आहे. जुन्या मिस्त्रींना नव्या गाडीचा दोष सापडायला वेळ लागतो त्याचे मोठे कारण हे आहे.

टायमिंग जुळले आहे की नाही हे ईसीएमला कळते दोन सेन्सरमुळे. क्रँकशाफ्टवर दातेरी कडी असते. अनेक गाड्यांत तिच्यावर ६० दातांची जागा असून दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. गाळलेल्या जागेवरून ईसीएम पिस्टनचा ठावठिकाणा ओळखतो. एका दाताची जागा ६ अंशांची. कॅमशाफ्टवर थोडेच, पण वेगवेगळ्या रुंदीचे उंचवटे असतात आणि त्यांच्यासमोर दुसरा सेन्सर असतो. दोन्हींचे संकेत ठरलेल्या क्रमात आले तर ठीक. कॅमशाफ्टचा संकेत अपेक्षित जागेपासून ठरावीक अंशांपेक्षा अधिक सरकला की मीटरवर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्मरणात कोड नोंदला जातो.

इथून पुढे निदान सुरू होते आणि बहुतेक चुकाही इथेच होतात. कोड हा ईसीएमला दिसलेल्या विसंगतीचे नाव असतो. ती विसंगती कशामुळे आली ते तो सांगत नाही. पी०३४० कॅमशाफ्ट सेन्सरच्या विद्युत-मार्गाबद्दल बोलतो, पी०३३५ क्रँकशाफ्टच्या सेन्सरबद्दल. पी००११ म्हणजे कॅमशाफ्ट हवा त्याहून पुढे अडकला, पी००१२ म्हणजे मागे अडकला. हे दोन्ही बहुधा व्हीव्हीटी आणि तेल यांच्याकडे बोट दाखवतात. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही, आणि त्याची कारणे ढिली चेन, सरकलेला बेल्ट, अडकलेली डबी, निसटलेली दातेरी कडी किंवा चुकीचा संकेत देणारा सेन्सर, यांतले काहीही असू शकते. स्कॅनर लावून पी००१६ वाचला आणि लगेच चेनचा सेट मागवला, तर तो अंदाज झाला. पी०३४० दिसताच सेन्सर बदलून गाडी परत देणे हाही अंदाजच. अशा अंदाजांची किंमत गिऱ्हाइकाला मोजावी लागते.

नीट निदानाची पहिली पायरी फुकट आहे. ती म्हणजे चौकशी. दोष थंड इंजिनात येतो की तापल्यावर? तेल शेवटचे कधी आणि कोणते टाकले? बेल्ट कधी बदलला? गेल्या महिन्यात हेड उघडले होते का, क्लचचे काम झाले होते का? काम झाल्यावर लगेच दोष आला असेल तर चेन एका दाताने चुकीची बसवली असण्याची शक्यता सर्वांत आधी तपासायला हवी. आणि दोष नेमका कुठे जाणवतो? राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला होता. अशा गुळगुळीत, सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात गाडी चालते तेव्हा उशिराचे टायमिंग लपून जाते. अकोल्याहून आलेला मालक म्हणतो, गाडी मस्त आली. तीच गाडी परतवाड्याच्या पुढे चिखलदऱ्याच्या घाटात दुसऱ्या गिअरला येते तेव्हा खरे रूप दिसते. म्हणून चाचणीची फेरी मारताना चढ हवा, आणि पाच-सहा वेळा थांबून पुन्हा निघणे हवे.

गाडी चालूच होत नसेल तर एक सावधगिरी सगळ्यांच्या आधी येते. सेल्फ पुन्हा पुन्हा मारू नये. अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असताना पिस्टन वर आला तर दोघांची गाठ पडते. टायमिंग जुळलेले असते तोवर ती वेळ येत नाही. बेल्ट तुटला की येते, आणि व्हॉल्व्ह वाकतात. डिझेल इंजिनांत दाबण्याची जागा फार थोडी असल्याने हा धोका जवळजवळ नेहमीचाच. सेल्फच्या आवाजावरूनही बरेच कळते. निरोगी इंजिन फिरताना प्रत्येक कॉम्प्रेशनला थोडे अडखळते, त्याला एक ठेका असतो. बेल्ट तुटलेल्या इंजिनात तो ठेका नसतो, ते घरातल्या मिक्सरसारखे सरळ गरगर फिरते. असा आवाज एकदा ऐकला की थांबावे. मग तेल भरायचे झाकण काढून आतला कॅमशाफ्ट दिसत असेल तर इंजिन पान्याने हाताने थोडे फिरवून पाहावे. क्रँक फिरतो आणि कॅम हलत नाही, असे दिसले तर निदान झाले.

गाडी चालू होत असेल तर दुसरी पायरी तेलाची. पट्टी काढून पातळी आणि रंग पाहायला एक मिनिट लागत नाही. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर व्हीव्हीटीची डबी आणि टेन्शनर या दोघांनाही पुरेसा दाब मिळत नाही आणि पी००११, पी००१२, क्वचित पी००१६ सुद्धा त्यातून येऊ शकतो. झाकणाच्या आतल्या बाजूला काळा चिखल साचला असेल तर व्हीव्हीटीच्या बारीक जाळीत काय झाले असेल ते उघडच आहे. वऱ्हाडात आणखी एक चूक वारंवार होते. इथला उन्हाळा कडक, म्हणून पातळ तेलाऐवजी जाड तेल टाकले जाते. जुन्या जीपला ते चालत होते. व्हीव्हीटीच्या इंजिनात मात्र तेलाच्या वाटा केसासारख्या बारीक असतात आणि डबीची हालचाल ठरावीक पातळपणा गृहीत धरून आखलेली असते. जाड तेलात कॅमशाफ्ट आज्ञेच्या मागे रेंगाळतो. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिले असेल तर तेच टाकावे. उन्हाचा विचार इंजिन बनवणाऱ्यांनी आधीच केलेला असतो.

तिसरी पायरी स्कॅनरची, पण कोड वाचण्यापुरती नाही. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान आणि भार किती होता ही नोंद स्कॅनर दाखवतो, ती आधी पाहावी. मग चालू इंजिनाचे आकडे पाहावेत. ईसीएमला हवा असलेला कॅमशाफ्टचा कोन आणि प्रत्यक्षातला कोन शेजारी ठेवले की खूप काही उलगडते. वेग वाढवताना प्रत्यक्षातला कोन आज्ञेमागे सावकाश, अडखळत जात असेल तर दोष तेलात किंवा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये शोधावा. दोन्हींत स्थिर अंतर राहत असेल, समजा सगळीकडे सात-आठ अंश, तर चेनची लांबी किंवा सरकलेला दात संशयित. स्कॅनरवरून त्या व्हॉल्व्हला मुद्दाम आज्ञा देता येते. इंजिन जागेवर चालू असताना कॅमशाफ्ट पुढे सरकवला तर इंजिन गडबडून थरथरते, प्रसंगी बंदही पडते. तसे झाले तर डबी, तेल आणि व्हॉल्व्ह तिन्ही काम करत आहेत. काहीच झाले नाही तर ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढून त्याची जाळी पाहावी. एका बोल्टचे काम, दहा मिनिटे. कितीतरी वेळा पी००११ चा इलाज तिथेच, त्या जाळीत अडकलेल्या कचऱ्यात आणि स्वच्छ तेलात सापडतो.

वायरिंगचा संशय असेल तर सेन्सर बदलण्याआधी कपलर उघडून पाहावा. त्यात तेल उतरले आहे का, पिन हिरवी पडली आहे का, वायर कुरतडली आहे का. शेताजवळ, गोदामाजवळ किंवा बंद शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर खातात, ही या भागातली नित्याची गोष्ट आहे आणि टायमिंगच्या कोडमागे ती अनेकदा असते. मल्टिमीटरने सेन्सरला वीज पोहोचते का आणि अर्थिंग पक्के आहे का हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. हॉल प्रकारच्या सेन्सरची एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे: तो बिघडू लागला की अनेकदा तापल्यावर बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो. भर दुपारी गाडी रस्त्यात बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते आणि गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा सगळे ठीक असते. चेन अशी वागत नाही. झिजलेली चेन थंड झाल्यावर बरी होत नाही. दोषाचे हे येणे-जाणे म्हणजे विजेच्या बाजूचा भक्कम इशारा.

एक तपासणी फार कमी ठिकाणी होते, पण ती करण्यासारखी आहे. अनेक गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. चावी फिरवून, इंजिन चालू न करता त्याचा आकडा पाहिला तर तो आजूबाजूच्या हवेचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीवर तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. अमरावती सुमारे ३४० मीटर उंचीवर असल्याने इथे ९६ ते ९८ दिसायला हवा. सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्यावर तोच आकडा नव्वदीच्या खाली, ८९ च्या आसपास येतो. तसा दिसला तर सेन्सर खरे बोलतो आहे. मग इंजिन चालू करून, तापवून, एसी बंद ठेवून जागेवर पाहावे. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण ३० ते ४० किलोपास्कल दिसतात. व्हॉल्व्ह उशिरा मिटत असतील तर इंजिन हवा नीट ओढत नाही आणि आकडा स्थिर राहून पन्नाशीकडे सरकतो. एकच सिलिंडर मिसिंग मारत असेल तर आकडा डोलतो. व्हॅक्यूम गेज लावणारे जुने मिस्त्री काट्याच्या हालचालीवरून हेच ओळखत.

कॉम्प्रेशन गेज लावल्यावरही असाच भेद करता येतो. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आले तर तिथला व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट तपासावे. सगळ्यांचे सारखेच कमी आले आणि गाडी धूर सोडत नसेल, तेल पीत नसेल, तर टायमिंग सरकले असण्याची शक्यता मोठी. चारही सिलिंडरच्या रिंगा एकाच प्रमाणात, एकाच वेळी खराब होत नाहीत.

खात्रीची तपासणी ऑसिलोस्कोपवर होते. एका वाहिनीवर क्रँकचा संकेत, दुसऱ्यावर कॅमचा. गाळलेल्या दोन दातांच्या जागेपासून कॅमच्या उंचवट्याची कड कितव्या दातावर येते ते मोजायचे आणि त्याच इंजिनाच्या निरोगी आलेखाशी ताडायचे. कड तीन दातांनी सरकलेली दिसली, म्हणजे सहा त्रिक अठरा अंश. ४० दातांच्या चाकावर चेन बरोबर एका दाताने सरकली की एवढाच फरक पडतो. दीड दाताचा फरक असेल तर चेन सरकलेली नाही, लांबली आहे किंवा डबी अडकली आहे. कव्हर न उघडता, इंजिनाचा एकही बोल्ट न सोडता हे उत्तर मिळते. पूर्वी या यंत्राला मोठी किंमत मोजावी लागे. आता लॅपटॉपला जोडायचे छोटे ऑसिलोस्कोप मिळतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या हाती पान्यांसोबत हे साधन आणि त्याचा आलेख वाचण्याची सवय द्यायला हवी. टायमिंगच्या निदानात यापेक्षा उपयोगी कौशल्य दुसरे नाही.

एवढे सगळे चेनकडेच बोट दाखवत असेल तेव्हा कव्हर उघडावे. प्लग काढून ठेवले की इंजिन हाताने सहज फिरते. ते क्रँकच्या बोल्टवर, नेहमीच्या फिरण्याच्याच दिशेने फिरवावे. कॅमशाफ्टच्या बोल्टवर जोर देऊन फिरवू नये. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन टॉपला आणून चाकांवरच्या खुणा पाहाव्यात. इथे एक फसगत नेहमी होते. चेनवर रंगीत कड्या असतात आणि जोडताना त्या चाकांच्या खुणांशी जुळवतात. इंजिन फिरवल्यावर त्या कड्या खुणांपासून दूर जातात आणि पुन्हा जुळायला कितीतरी फेरे लागतात. त्या जुळत नाहीत म्हणून टायमिंग चुकले असा निष्कर्ष चुकीचा. चाकांवरच्या आणि इंजिनावरच्या खुणा मात्र क्रँकच्या दर दोन फेऱ्यांनी जुळल्याच पाहिजेत. मल्टिजेटसारख्या इंजिनात खुणांवर न जाता कॅम आणि फ्लायव्हील अडकवून ठेवणाऱ्या खास पिना वापरतात. त्या पिना नसतील तर ते काम हाती घेऊ नये. काही इंजिनांत क्रँकच्या चाकाला चावीही नसते, ते केवळ बोल्टच्या दाबावर धरलेले असते. अशा इंजिनाचा पुढचा बोल्ट पिना न लावता ढिला केला की टायमिंग हातचे गेलेच.

दुरुस्तीत चेन एकटी बदलणे ही खोटी बचत आहे. जुन्या चाकाचे दाते जुन्या चेनप्रमाणे झिजलेले असतात आणि नव्या चेनला ते लवकर खातात. चेन, चाके, मार्गदर्शक पट्ट्या आणि टेन्शनर एकत्रच बदलावेत, सोबत तेल आणि फिल्टरही. जोडणी झाल्यावर सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कुठे अडले तर तिथेच थांबावे. जोर लावून फिरवले तर व्हॉल्व्ह वाकतो. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा जुळल्या, तेव्हाच कव्हर बसवावे. शेवटी कोड पुसून, काही गाड्यांत ईसीएमला क्रँक-कॅमचा नवा मेळ शिकवून, तापलेल्या इंजिनात कोन पुन्हा पाहावा.

बेल्टच्या गाडीत काम पूर्ण झाल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटखाली ठळक दिसेल अशी लावावी. जुनी गाडी विकत घेताना ती चिठ्ठी किंवा बिल मिळाले नाही, तर विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर न जाता बेल्ट बदललेला नाही असेच धरावे आणि गाडी घरी नेण्याआधी तो बदलून घ्यावा.